एकेकानं ओलांडायची घळ

गेदेवानला आणायला जायचं ठरून अकरा दिवस झाले होते, आणि अकराही पहाटे दारिकोनं एकच उत्तर दिलं होतं, "आज नाही."

ते उत्तर ऐकायला सोझार रोज चार वाजता उठायचा. पासष्टी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरायचे, तरी अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट चढवून गावातले दोन जुने दगडी मनोरे ओलांडून तिच्या घरामागं जायचा. दारिको कपाळाला दिवा बांधून बर्फात उभी असायची. हातातली स्कीची काठी ती बर्फावर टेकवायची. टेकवायची फक्त, दाबायची नाही. काठी आपल्या वजनानंच वीतभर आत गेली की ती दिवा मालवायची.

"रात्री गोठलंच नाही, काका. खाली हे असं, तर वर आंधळ्या घळीत नुसता लापशीचा थर असेल."

"अगं, पण ईस्टर आठ दिवसांवर आला."

"येऊ दे. घळीला ईस्टर कळत नाही."

गेदेवान तिचा थोरला भाऊ. डोंगरात पाहुण्यांना वाट दाखवायचं काम दोघंही करायची. दारिको तर गावातल्या बचाव पथकाची मुख्य होती. फेब्रुवारीत आंधळ्या घळीत चार पाहुण्यांना एकेक करून पलीकडे पोचवून गेदेवान शेवटी निघाला आणि हिमलोट आला. पाहुण्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. गेदेवानचा देह नऊ दिवसांनी सापडला. नऊही दिवस दारिको लांब सळ्या बर्फात खुपसत पुढं सरकत होती, आणि सापडला तोही तिच्याच सळीला.

देह मिळाला, पुरला, म्हणजे माणूस घरी आला, असं खालच्या सपाटीवरचे लोक समजतात. इथं वर, स्वानेतीच्या डोंगरात, तसं समजत नाहीत. डोंगरात गेलेल्याचा जीव जिथं श्वास सुटला तिथंच उभा राहतो. त्याला आणायला जावं लागतं. त्या जागी चुनिरी, म्हणजे गजानं वाजवायचं तंतुवाद्य, वाजवायची, सोबत कोंबडा न्यायचा, कोंबडा आरवला की जीव सुरांच्या मागं लागला असं समजायचं, आणि मग वाजवत वाजवत घराच्या उंबऱ्यापर्यंत यायचं. वाटेत सूर तुटला, तर जीव तुटला त्या जागीच राहतो. हे सगळं ईस्टरच्या आत. नाही आणलं तर तो वर्षभर तिथंच उभा राहतो, आणि वर्षभर उभा राहिलेला आपण कुणाचे हे विसरून जातो.

हे काम करणारा गावात आता सोझार एकटा उरला होता. आजवर त्यानं चौघांना आणलं होतं आणि चारांपैकी एकही वेळ फुकट गेली नव्हती. याचा त्याला तोरा होता, आणि तोरा असावा असंच ते काम होतं.

गेदेवानची आई नानुली मात्र एका शब्दानं घाई करत नव्हती. गावात एकट्या नानुलीला दिसायचं. हिवाळ्यात गेलेल्यांना जेवायला बोलावतात तेव्हा सगळ्या बाया तिच्याभोवती बसून विचारायच्या, कोण आलं, कसं आहे, काय खाल्लं. आणि ती भाजी निवडताना बोलावं तसं सांगायची. पण फेब्रुवारीपासून ती गप्प होती. एकदाच सोझारला म्हणाली होती, "स्वप्नात कुंपणाबाहेर उभा असतो. ये म्हटलं तर येत नाही." एवढंच बोलली आणि डोक्याच्या रुमालाच्या गाठीशी चाळा करत राहिली.

बारावी पहाट उजाडली ती कानाला कळली. सोझारची चुनिरी चुलीशेजारी टांगलेली असे. चाळणीसारखी गोल, पुढं ताणलेलं कातडं आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या तीन तारा. हवा दमट झाली की कातडं सैल पडून आवाज घोगरा यायचा, कडाक्याचं पडलं की सूर टणक निघायचा. गावातल्या म्हाताऱ्यांना हवामान कळायला रेडिओ लागत नव्हता. त्या पहाटे सोझारनं गज टेकवला आणि सूर असा निघाला, की झोपलेली मांजर उठून बसली.

तो धावतपळत पोचला तेव्हा दारिको काठी टेकवून उभी होती. काठी बर्फावरून टणकन् उडाली.

"आज," ती म्हणाली.

निघताना तिनं अंगणात दोघांना उभं केलं. दुसरा होता मुश्नी, तिचा चुलतभाऊ. चाळिशीचा, पिंपासारखा गडी, तोंडाचा पट्टा रात्रंदिवस चालू. कोटाच्या आत त्यानं कोंबडा कोंबला होता आणि गळ्याशी फक्त तुरा दिसत होता. दारिकोनं तिघांच्या छातीला बांधलेल्या पेट्या तपासल्या. बर्फाखाली गेलेल्या माणसाचा पत्ता बाहेरच्यांना देणाऱ्या त्या पेट्या. मग म्हणाली, "आठला पाठ फिरवायची. आठनंतर घळीत ऊन येतं. कोंबडा आरवो न आरवो."

"आणि नाहीच आरवला तर?" मुश्नीनं विचारलं.

"तर गेदेवान तिथंच राहील."

तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मुश्नीचासुद्धा पट्टा तुटला. दारात नानुली उभी होती. तिनं ऐकलं आणि मान हलवली. सोझारला वाटलं, मायलेकींपैकी जास्त कणखर कोण हे ठरवायला देवालाही तराजू मागवावा लागेल.

दारिको स्कीवर, हे दोघं जाळीचे जोडे पायांत बांधून मागं. बर्फ असं कडक की जोड्यांचा करकर आवाज कड्यांवर आपटून परत येत होता. सूर्य अजून नव्हता, पण शिखरं गुलाबी व्हायला लागली होती. पुढं जाणारी दारिको मधूनच थांबायची, काठी टेकवायची, उतारावर बोटभर रेघ ओढून बघायची, आणि काही न बोलता वाट बदलायची. दोनदा तिनं सरळ, सोपा रस्ता सोडून अर्ध्या तासाचा वळसा घेतला.

"ह्या बाईच्या मागं गेलं तर माणूस म्हातारा होऊनच मरणार," मुश्नी धापा टाकत म्हणाला.

"तेच तर हवंय ना, रे?"

"हवंय, पण आज उपास आहे. घेवडा घातलेल्या भाकरीवर मी किती वळसे घेऊ?"

आंधळी घळ म्हणजे दोन कड्यांच्या मधला शंभर पावलांचा उतार. वर उताराला चिकटलेल्या घट्ट बर्फाची भलीमोठी पाटी, खाली खोल दरी. सकाळी आठपर्यंत सूर्याची नजर तिच्यावर पडत नाही म्हणून ती आंधळी. गावाच्या आठवणीत तिनं गेदेवान धरून सात जण नेले होते. सोझारच्या आजोबांच्या काळातले मीठ वाहणारे दोघे भाऊ, एक शाळामास्तर, मेंढपाळाची बायको, आणि खडकांचे नमुने गोळा करायला आलेले दोन परके. त्या सहांना आणायला कुणी गेलं नव्हतं. कुणाचं घर उरलं नव्हतं, कुणाचं घर फार लांब होतं, आणि उरलेल्यांना धाडस झालं नव्हतं.

काठावरच्या खडकाआड दारिकोनं दोघांना थांबवलं. सोझार पुढं झाला तशी तिनं काठी आडवी करून त्याच्या छातीवर टेकवली.

"एकेकानं. मी पलीकडे पोचून हाक देईन. हाक आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मध्ये थांबायचं नाही. जो काठावर आहे त्यानं चालणाऱ्यावरची नजर काढायची नाही. लोट आलाच, तर तो कुठं दिसेनासा झाला ती जागा डोळ्यांत धरून ठेवायची. धावत जायचं नाही."

"आणि डोळा लवला तर?" मुश्नीनं विचारलं.

"लवू देऊ नका."

ती गेली. किती सहज गेली! जोर नाही, धडपड नाही, जणू उताराला कळूच नये की कुणी जातंय. सोझारनं आयुष्यात पुष्कळ डोंगरी माणसं पाहिली होती. मोठ्यानं गाणारी, काठावर उभी राहून दारू पिणारी, डोंगराला शिव्या घालणारी. त्यांतली बरीचशी पुरताना त्यानं चुनिरी वाजवली होती. ही पोरगी डोंगराशी एक शब्द बोलत नव्हती आणि तरी तिचं त्याच्याशी सगळं ठरलेलं दिसत होतं. तिची हाक आली. मग मुश्नी गेला. मग सोझार.

गेदेवान सापडला ती जागा पलीकडच्या कड्याच्या पायथ्याशी होती. तिथं एक काठी रोवलेली होती. मुश्नीनं कोंबडा बाहेर काढून बर्फावर ठेवला. कोंबड्यानं एक पाय पोटात घेतला आणि अपमान झाल्यासारखं तिघांकडे पाहिलं. साडेसहा वाजले होते. सोझार उलट्या पिशवीवर बसला, चुनिरी गुडघ्यांत धरली आणि गज टेकवला.

त्या सुरांना शब्द नाहीत. तेच ते पाच-सहा सूर, वर जातात, कलंडतात, पुन्हा वर येतात. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो, मग रडू येतं, मग दोन्ही जातं. सोझार वाजवत होता आणि कोंबडा गप्प होता. सात वाजले. साडेसात. समोरच्या कड्याच्या माथ्यावर पिवळी रेघ उमटली आणि ती खाली सरकू लागली.

आणि मग सोझारला ते ऐकू आलं. सूर किंचित उतरला होता. कानाला कळेल न कळेल एवढाच. चुनिरीचं कातडं सैल पडत होतं, म्हणजे हवा बदलली होती, म्हणजे वरची पाटी मऊ व्हायला लागली होती. दारिकोची काठी जे सांगायची तेच हे कातडं सांगत होतं. ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळलं नसतं. त्यानं काय केलं? डाव्या हातानं गुपचूप खुंटी पिळली, तार ताणली आणि सूर होता तिथं आणून बसवला. चौघांना आणलेला माणूस पाचव्याला रिकाम्या हातानं सोडून जाणार नव्हता. अति तेथे माती, हे त्याला दुसऱ्यांच्या बाबतीत नेहमी पटायचं.

"काका, आठ," दारिको म्हणाली.

त्यानं डोळे मिटून घेतले.

"काका..."

"एक फेरा. एकच, पोरी."

दारिकोनं वर पाहिलं, मग त्या रोवलेल्या काठीकडे. तिचा चेहरा तेवढा एकदा हलला. मग ती कुणाशीतरी रोज बोलावं तशी म्हणाली, "गेदेवान, आम्ही निघालो रे." आणि खरंच पाठ फिरवून चालायला लागली. सख्ख्या भावाला तिथं टाकून. दिलेला शब्द घड्याळाशी बांधलेला होता म्हणून. सोझारला स्वतःची इतकी लाज वाटली की तो उठूनच उभा राहिला. वाजवतच उठला, पण उठला.

आणि कोंबडा आरवला.

एकदा. मान ताणून, डोळे मिटून. आवाज घळीत गेला, पण परत आला नाही.

त्याच क्षणी सोझारच्या हातातला गज जड झाला. जीव लागला की गज जड होतो, हे त्याला ठाऊक होतं. चारही वेळा झाला होता. कुणी बोटभर टेकल्यासारखा. पण हे बोटभर नव्हतं. ओल्या कणकेतून काठी ओढावी तसा गज ओढावा लागत होता.

"मुश्नी... कोंबडा घे," तो कुजबुजला. "मागं बघू नकोस."

घळीच्या काठी आले तेव्हा ऊन वरच्या पाटीच्या कडेला लागलं होतं. दारिको निघाली. पलीकडे पोचली. हाक. मुश्नी निघाला, कोंबडा छातीशी धरून, आयुष्यात प्रथमच तोंड बंद ठेवून. पोचला. हाक.

"या, काका! पटकन!"

सोझार खडकाआड एकटा उभा होता. त्यानं पाऊल उचललं आणि त्याच्या छातीवर काहीतरी आडवं टेकलं.

दिसत काहीच नव्हतं. पण छातीवर काठी टेकवावी तसं होतं ते. धक्का नव्हता, रागही नव्हता. सराईत हात माणसाला थांबवतो तसं. थांब. अजून तुझी पाळी नाही.

तो थांबला. गज चालूच होता. आणि त्याच्या पायाशी, घळीच्या पहिल्या पावलाच्या जागी, बर्फाची एक छोटीशी गोळी सुटून खाली घरंगळली. मग एक पाऊल पुढं दुसरी. मग तिसरी. उन्हानं सैलावलेल्या बर्फावर कुणी चाललं की पावलापावलाला अशा गोळ्या घरंगळतात. उतारावर कुणी नव्हतं. गोळ्या मात्र एका रेषेत, बेताबेतानं, पलीकडच्या खडकापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"काका! काय करताय? याऽऽ!"

त्यानं पुन्हा पाऊल उचललं. पुन्हा छातीवर ते आडवं. पुन्हा पायाशी गोळी सुटली आणि रेघ पलीकडे निघाली. ही सावकाश होती, एका पायानं लंगडणाऱ्याची असावी तशी. मग आणखी एक. आणि आणखी एक. मध्ये कुणी थांबत नव्हतं. एक पोचल्याशिवाय दुसरी रेघ सुटत नव्हती. दारिकोचा आवाज फाटत चालला होता, ऊन पाटीवर निम्म्याला आलं होतं, कुठंतरी बर्फाखाली पाणी वाहू लागल्याची खुळखुळ येत होती. भीतीनं सोझारची पाचावर धारण बसली होती आणि तरी त्या भीतीच्या तळाशी त्याला एक विचित्र दिलासा वाटत होता. इथं कुणीतरी शहाणं माणूस आहे. आपण त्याच्या हाताखाली आहोत.

सात रेघा पलीकडे गेल्या. मग छातीवरचं ते निघालं आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक हलकी थाप पडली.

सोझार निघाला. वाजवत, वर न बघता, मध्ये न थांबता. पन्नास पावलं. ऐंशी. मुश्नीनं हात लांब करून त्याची कॉलर धरली आणि खडकाआड ओढलं, आणि त्याच वेळी वर काहीतरी खोल श्वास सोडल्यासारखं झालं. पाटी सुटली. आवाज असा नव्हताच सुरुवातीला. बर्फ नुसतं चालायला लागलं. मग गर्जना. मग पांढरा धुरळा, त्यात तिघं एकमेकांना धरून, आणि त्यातही गज चालू. घळ खालपर्यंत खरवडून निघाली.

धुरळा बसल्यावर दारिकोनं दोन्ही मुठींनी त्याचा कोट धरला. "का उभे होता? घसा फोडून ओरडत होते मी! पंधरा मिनिटं, काका!"

"मला... सोडत नव्हतं."

"कोण?"

सोझारनं गजाकडे मान हलवली. वाजवताना जास्त बोलायचं नसतं. दारिकोनं कोट सोडला. उतरताना मुश्नी सगळ्यांत पुढं होता.

गावात पोचले तेव्हा अकरा वाजले होते. नानुलीनं दार सताड उघडून ठेवलं होतं. आत टेबलावर घेवडा, अक्रोड, मध, भाकरी, जवाचा अर्क आणि एक मेणबत्ती. अंगावर काळे कपडे, हातात भाकरी. ती तिघांच्या मागं पाहत होती. मग ती दारातून बाजूला सरकली.

"या," ती म्हणाली. थोडं थांबली. "या. इकडं चुलीपाशी बसा. या, मास्तर." पुन्हा थांबली. असं बराच वेळ चाललं. मग तिनं मुश्नीकडे पाहिलं. "शेजारून बाकं आण रे. दोन आण."

मुश्नीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण नानुलीनं सांगितलं म्हणजे सांगितलं. तो बाकं आणायला गेला.

नानुली वाटेकडे बघतच राहिली. कुंपणापर्यंत, कुंपणापलीकडे, थेट वरच्या वळणापर्यंत. तिच्या हातातली भाकरी हळूहळू खाली आली.

"हे सगळे आले," ती म्हणाली. "माझा कुठंय?"

सोझारला वाटलं, आता गज गळून पडणार. उंबऱ्यापाशी येऊन चूक कळली होती. त्यानं लोकांची माणसं आणली होती. घळीत काय झालं ते त्यानं वाजवता वाजवता तुटक शब्दांत सांगून टाकलं. ते छातीवरचं आडवं. एकामागून एक गेलेल्या रेघा. शेवटी पाठीवरची थाप.

दारिको पायरीवर मटकन बसली. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडतेय असं वाटलं, पण तिनं हात काढले तेव्हा ती रडतही होती आणि हसतही होती.

"तोच होता. मागं थांबून सगळ्यांना सोडत होता. जास्त वर्षं उभे असलेले आधी, मग तुम्ही, मग स्वतः. मेल्यावरसुद्धा गाढवाची खोड जात नाही!"

"पण लोट आला, पोरी. तो तिकडेच राहिला."

"राहिला म्हणजे? वाट बघत असेल. पाटी सुटली की कडेचं उरलेलं दिवसभर उन्हात लोंबत असतं. तो कशाला पाऊल टाकतोय? गोठलं की येईल." तिनं डोळे पुसले. "त्यानंच मला शिकवलंय हे. काका, सूर तोडू नका. तेवढं करा."

सोझारनं तेवढं केलं. तेवढं म्हणजे अकरापासून सूर्य बुडेपर्यंत. गज दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. मुश्नीनं त्याला लहान मुलाला भरवावं तसं भाकरीचे तुकडे भरवले, अर्काचे घोट पाजले, आणि "म्हाताऱ्या, तुझी बायकोसुद्धा तुला इतकं जपत नसेल" म्हणून हसवायचा प्रयत्न केला. दारिकोनं त्याच्या बोटांना चरबी चोळली. बोटं फुटून रक्त यायला लागलं तेव्हा तिनं आपल्या डोक्याच्या रुमालाची चिंधी फाडून बांधली. नानुली दारातून हलली नाही. वळचणीचं पाणी दिवसभर टपटप गळत होतं.

ऊन मनोऱ्यांच्या मागं गेलं. थंडी उतरली. टपटप सावकाश झाली, मग दोन थेंबांच्या मध्ये श्वास घेता येईल एवढी सावकाश, मग थांबली. आणि सोझारच्या गुडघ्यांत चुनिरीचं कातडं ताणलं गेलं. सूर आपोआप चढला, लख्ख, टणक, सकाळसारखा. दारिको उठून उभी राहिली.

दारिकोनं मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग वरच्या वळणाकडे. घळीपासून गावापर्यंत चालायला लागतो तेवढा वेळ, बरोब्बर तेवढा वेळ गेला.

नानुली एक पाऊल मागं सरकली. तिचा हात वर गेला, उंच माणसाच्या गालाला लागेल इतका वर, आणि तिथं थोडा वेळ थांबला.

"आलास?" ती म्हणाली. "सगळ्यांना पुढं घालून मग आलास, होय रे? ये. वाकून ये."

सोझारनं गज उचलला. इतक्या तासांनंतरच्या त्या शांततेत कान दुखायला लागले. दारिको भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मुश्नी उघडउघड ओक्साबोक्शी रडत होता. माणूस असावा तर असा, सोझारच्या मनात आलं. जिवंतपणी चारांना सोडवलं आणि मेल्यावर गावानं टाकलेल्यांना घरी आणलं, आणि एवढं करून वाट चुकीच्या वेळी ओलांडली नाही.

मग सगळे टेबलाशी बसले. नानुली ताटल्या मांडू लागली, आणि तिच्या आवाजात पुन्हा ती जुनी, भाजी निवडतानाची सहजता आली होती. हे मीठवाले, थोरला आणि धाकटा. हे मास्तर. ही मेंढपाळाची. हे परके दोघे; यांना घेवडा चालतो का कोण जाणे. हा माझा. "सगळे नखशिखांत ओले आहेत," ती म्हणाली. "मुश्नी, चुलीत लाकूड घाल."

तिनं आणखी एक ताटली मांडली.

सोझारनं ताटल्या मोजल्या. मग घळीतल्या रेघा आठवून बोटांवर मोजल्या. सात. घळीनं नेलेले मात्र, गेदेवानला सोडून, सहाच होते.

"नानुली... ही कुणाची?"

नानुलीनं बाकाच्या टोकाकडे पाहिलं. डोळे बारीक केले, अनोळखी माणसाला न्याहाळावं तसे.

"माहीत नाही. मघाशीच सगळ्यांबरोबर आला. बसत नाहीये." ती अडखळली. "हे सगळे ओले आहेत. हा कोरडा आहे."

चुलीतलं लाकूड तडकलं. दारिकोनं हळूच विचारलं, "कुणाकडे बघतोय, आई?"

नानुलीनं भाकरीचा एक तुकडा तोडला, ताटलीत ठेवला, शेजारी मीठ ठेवलं, आणि अर्काचा पेला काठोकाठ भरून त्या रिकाम्या जागेसमोर सरकवला. दारात आलेला पाहुणा आहे, ती म्हणाली, उपाशी कसा ठेवायचा.